न बोललेल्या भावाबद्दल काय बोलायचं?

आक्का, नमस्कार.

माझं माहेर चोपडा तालुक्यात, तापीकाठी. केळीची शेती. सासर धुळ्याला. माझा धाकटा भाऊ कार्तिकात गेला, बावीस वर्षांचा होता. घरात सगळे त्याला बापू म्हणायचे. त्याला ऑटिझम होता, बोलता येत नव्हतं. 'आई' हा शब्दसुद्धा कधी त्याच्या तोंडून आला नाही. फिट यायच्या, गोळ्या चालू होत्या. एका पहाटे झोपेतच गेला. आई शेजारीच झोपली होती. तिला कळलं नाही, आणि तेवढंच ती धरून बसली आहे.

दारावर आलेलं जवळजवळ प्रत्येक माणूस एकच बोलून गेलं : "सुटना बिचारा. माय बी सुटनी."

आता आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. त्याच्यामागे पहिलीच. काका म्हणतात, लग्न न झालेल्या पोराचं एवढं काय करायचं, पितरांसाठी मातीचं डेरगं मांडा, नैवेद्य दाखवा आणि मोकळे व्हा. मला मात्र त्या दिवशी चार माणसं बोलवून बापूबद्दल दोन शब्द सांगावेसे वाटतात. लिहायला बसते आणि पान कोरंच राहतं. शाळा नाही, मित्र नाही, नोकरी नाही. शेतात लाईट आलेली त्याला आमच्या आधी कळायची. डीपी, म्हणजे शेतातला ट्रान्सफॉर्मर, गुणगुणायला लागली की बाबांचा हात धरून मोटरीकडे ओढत न्यायचा. ठिबकच्या थेंबाखाली बोट धरून तासन्‌तास बसायचा. दिवसभर एकाच सुरात घूं घूं करायचा. हे काय चार माणसांत सांगायचं?

फ्लेक्ससाठी सरळ फोटो एकच आहे, अपंगाच्या कार्डासाठी काढलेला. त्यात आईनं त्याची हनुवटी धरलेली दिसते. काका म्हणतात, तो हात कापून घेऊ. जुन्या प्रमाणपत्रावर 'मतिमंद' लिहिलंय. लोकांनी विचारलं तर तसंच सांगायचं का?

आणि एक. मला बघायला पाहुणे यायचे तेव्हा बापूला यावलला मामाकडे पाठवायचे. चार वेळा पाठवलं. मी एकदाही नको म्हटलं नाही. माझ्या यजमानांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते साखरपुडा झाल्यावर. हे मी त्या दिवशी सांगू का?

— एक बहीण

*

पोरी,

पान कोरं राहतं म्हणतेस आणि त्याच्याच खाली चार ओळी भरून टाकतेस. त्या चार ओळी मी परत परत वाचल्या.

डीपीचंच घे. आपल्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. थ्री फेज आली का बघायला माणूस बॅटरी घेऊन पेटीपर्यंत जातो, दिवा बघतो, शिव्या देत परत येतो. ज्यांना परवडतं ते मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवतात. तुमच्याकडे बापू होता. आवाज आला की तो उठायचा, बाबांचा हात धरायचा आणि ओढायचा. बोलता न येणारी ऑटिझमची पुष्कळ मुलं असं करतात, समोरच्याचा हात धरून हव्या त्या जागेपर्यंत नेतात. तपासणीच्या कागदावर ते लक्षण म्हणून लिहितात, आणि डॉक्टरांचं ते कामच आहे. पण घरात तो निरोप होता. "लाईट उनी." इतकी वर्षं तो निरोप दिला गेला आणि तुझे बाबा त्या निरोपावर उठून मोटर लावत राहिले. माझ्या घरातल्या बोलत्याचालत्या माणसांच्या निरोपांवर मी इतका भरवसा ठेवत नाही.

तेव्हा भाषण लिहू नकोस. शंभर पानी वही घे आणि मधोमध रेघ मार. डाव्या बाजूला बापू काय करायचा ते, उजव्या बाजूला त्याचा अर्थ. 'हात धरून शेताकडे ओढणं : लाईट आली.' झाली पहिली ओळ. पुढच्या ओळी तुला एकटीला यायच्या नाहीत. लग्न होऊन तू धुळ्याला गेलीस, बापू तिथेच मोठा होत होता. ताट सरकवलं म्हणजे भूक नाही की भाजी वेगळी हवी? कानावर हात ठेवून हसायचा का? भुकेची घूं घूं आणि झोपेची घूं घूं एकच होती का? हे आईला माहीत आहे. तुमच्या सालदाराला कदाचित आईपेक्षा जास्त माहीत असेल, कारण दिवसाचा बापू त्याच्या वाट्याला यायचा. किराणावाल्याला विचार. शेजारच्या म्हातारीला विचार. 'बापूबद्दल काय वाटतं' असं मात्र कुणाला विचारू नकोस, "गरीब होता बिचारा" यापलीकडे काही मिळायचं नाही. "बापू तुमच्या दुकानात आला की काय करायचा?" असं विचार. मग बघ कसे सांगतात.

मी हे शहाणपण तुला सांगते आहे ते माझ्याकडे तशी वही नाही म्हणून. मी सव्वीस वर्षं शाळेत शिकवलं. एका वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता, नऊ-दहा वर्षांचा, न बोलणारा. आम्ही सरळ 'मुका' म्हणायचो, मास्तरसुद्धा. मी त्याला शेवटी भिंतीजवळ बसवलं, म्हणजे कुणाला त्रास नको. तो पोरांच्या डब्यांची झाकणं गोळा करायचा आणि जमिनीवर उभी करून गरागरा फिरवायचा. पोरं तक्रार करायची, मी झाकणं काढून घ्यायचे. दिवाळीनंतर तो आला नाही आणि खरं सांगू, मला बरं वाटलं. त्याची आई रोज शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला यायची. तिला मी एकदाही विचारलं नाही की बाई, हा झाकणं का फिरवतो, याला काय आवडतं, हा रागावलाय हे कसं ओळखायचं. आता त्याचा चेहरा आठवत नाही. स्टीलचं झाकण फिरत फिरत आडवं पडताना आवाज कसा बारीक आणि घाईचा होत जातो, तेवढं आठवतं.

आता प्रमाणपत्राचं. बापू लहान होता तेव्हा लागू होता १९९५ चा अपंग कायदा, आणि त्याच्या यादीत ऑटिझम नव्हताच. दाखला हवा, सवलत हवी, तर यादीतल्या कुठल्यातरी खान्यात पोराला बसवावं लागे, म्हणून त्या वयाच्या कितीतरी मुलांच्या कागदावर 'मतिमंद' लिहिलेलं आहे. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आणि त्यात ऑटिझमचं स्वतंत्र नाव आलं. कुणी विचारलं तर "त्याला ऑटिझम होता, तो बोलत नव्हता" एवढं सांग. त्याला किती समजायचं हे त्याच्या न बोलण्यावरून कुणीच ठरवू शकत नव्हतं, काकासुद्धा नाही.

कागदांवरून आठवलं. त्याला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळत असतील तर तहसीलमध्ये मृत्यूचा दाखला नेऊन द्या. बाबांना त्या खिडकीशी उभं राहणं जड जाईल. तू जा, नाहीतर यजमानांना पाठव. खात्यात पैसे येत राहिले तर पुढे वसुलीची नोटीस त्याच्या नावानं घरी येईल आणि ती आईच्या हातात पडेल.

आईबद्दल मला जास्त लिहायचं आहे.

वीस-बावीस वर्षं जी बाई रात्री दहादा उठली, ती एका रात्री झोपली. त्या एका रात्रीचा हिशेब ती स्वतःकडून मागते आहे. ऑटिझम असलेल्यांत फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं. झोपेत आलेली फिट गोळ्या चालू असतानाही कधी कधी माणसाला घेऊन जाते आणि शेजारच्याला चाहूल लागत नाही. हे तू सांगून तिला पटायचं नाही, मी लिहून तर नाहीच. ज्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या त्यांच्याकडे तिला एकदा घेऊन जा आणि तिच्या तोंडानं तिला प्रश्न विचारू दे : मी जागी असते तर? उत्तर त्यांच्या तोंडून ऐकू दे. सहा महिने होत आले. अजून जेवणझोप नीट नसेल, "मीच मारलं" असं म्हणत असेल, तर नुसत्या धीर देण्यावर भागवू नका. मनाच्या दुखण्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. पहिला फोन तू लाव.

आयांना या दुखण्यात दोषी धरायची खोड जुनी आहे, आणि ती फक्त आपल्या गावाची नाही. लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरनं १९४३ साली अमेरिकेत अशा अकरा मुलांची वर्णनं छापली. त्यानंतर वीसेक वर्षं तिकडचे शिकलेसवरलेले लोक सांगत होते की आई मायेनं थंड, म्हणून पोर असं झालं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानं पुस्तक लिहून ते खोडलं, कारण हा मेंदूच्या घडणीतला फरक आहे. त्याच्या स्वतःच्या मुलाला ऑटिझम होता, म्हणजे घरात बायकोकडे बघून त्याला ते खोटं आहे हे आधीच ठाऊक असणार. आपल्याकडे थंडपणाऐवजी ग्रहण असतं. ग्रहणात भाजी चिरली असेल, पोटुशी असताना कुठे ओलांडलं असेल. तुझ्या आईला हे कुणी ना कुणी ऐकवलेलं असणारच. त्याच्यावर आता हे नवीन : माय बी सुटनी.

या वाक्याला उत्तर द्यायला शीक. भांडू नकोस, बोलणारे दुष्ट नसतात, त्यांना दारात उभं राहून दुसरं काही सुचत नाही. "तो आमना व्हता" एवढंच म्हण आणि चहा पुढे कर. पण आईनं कधी रात्रीच्या अंधारात तुला सांगितलं की आता सलग झोप लागते गं, आणि सांगता सांगता रडली, तर तेही ऐकून घे. झोप लागते हे खरं आहे आणि तिला तो परत हवा आहे हेही खरं आहे. यातलं एक खोटं पाडायला जाऊ नकोस.

त्याच कारणानं वहीत अवघड गोष्टीही लिही. वरातीतल्या डीजेनं तो डोकं आपटायचा असेल, आईच्या दंडावर चावल्याचे वण असतील, दोनदा टीव्ही फुटला असेल. गेलेल्या अपंग पोराला आपण फार लवकर देव करतो. 'देवाचं लेकरू होतं, देवानं नेलं.' त्यात बापू कुठेच उरत नाही. ज्यानं टीव्ही फोडला आणि ज्याला लाईट आधी कळायची तो एकच पोरगा होता. बहुधा कानही तेच. डीपीचा बारीक आवाज ज्याला घरातून ऐकू येतो, त्याच्या कानात डीजे काय करत असेल याचा विचार कर.

आता यावलचं. तू विचारलंस, त्या दिवशी सांगू का. त्या दिवशी नको. तू सांगशील, रडशील, बायका तुला जवळ घेतील, "तुझा काय दोष, तू लहान होतीस" म्हणतील आणि बापूचा दिवस तुझा होऊन जाईल. तुझा दोष नव्हता असं मी म्हणणार नाही. थोडा होता, आईबाबांचा तुझ्याहून जास्त होता, आणि सगळ्यात मोठा वाटा मुलीच्या घरात असं माणूस दिसलं की पोहे अर्धे टाकून उठणाऱ्या पाहुण्यांचा होता. हे आधी यजमानांना सांग, एका बैठकीत, सगळं. मग आईला. तिनं चारही वेळा त्याची पिशवी भरली असेल, कुठला सदरा घातला तेही तिला आठवत असेल.

आणि मग यावलला जा. मामांना विचार, त्या चार खेपांना बापू तुमच्याकडे काय करायचा? जेवायचा का? कुठे झोपला? दारात बसून राहायचा का? तुझ्या वहीत ती पानं नाहीत, मामांकडे आहेत. कदाचित ऐकवणार नाही असं काही निघेल. कदाचित मामी सांगेल की त्याला आमची विहीर फार आवडायची. दोन्ही लिहून घे, तारखेसकट आठवत असेल तर तारखेसकट.

आखाजीला काय करायचं ते मी भटजी नसल्यानं सांगत नाही. डेरगं कसं, घागर कशी, सांजोरी कुणाच्या हातची, हे ज्याच्या त्याच्या घरचं असतं. काकांशी त्यावरून वाद घालायचीही गरज नाही. पण आपल्याकडे कितीतरी घरांत त्या सकाळी उंबरठ्यावर गेलेल्या एकेका माणसाचं नाव घेत कुंकवाचं एकेक बोट ओढतात. पणजा, आजा, आजी, मोठी काकू. तुमच्याकडे ते असेल तर बापूचं बोट राहायला नको. त्याला लग्नाची अट नाही. नाव कोण घेणार हे आधी ठरवून ठेव, कारण आईच्यानं होईल असं धरून चालू नकोस. तिच्यानं नाही झालं तर तू घे. हाक मारली की अशी मुलं बऱ्याचदा वळूनही बघत नाहीत, तुझा बापूही वळत नसेल. तरी तुम्ही बावीस वर्षं हाका मारल्याच ना.

दुपारची माणसं आठ-दहाच बोलव. माईक नको. त्याला जो आवाज सोसवत नव्हता तो त्याच्या दिवशी कशाला? सालदाराला बायकापोरांसकट बोलव आणि पंगतीत बसव, मागाहून वाढू नका. जेवणं झाली की वही काढ आणि प्रत्येकाला एकेक ओळ वाचायला दे. ज्याला वाचता येत नाही तो आपली आपण सांगेल. पंधरा मिनिटं पुरेत. कुणी मध्येच हसलं तर हसू दे.

फोटो तोच लाव. हात कापू नका. त्या हातावाचून तो फोटो निघालाच नसता. फ्लेक्सवाला चटकन कापून देईल, त्यांना सवय असते, म्हणून फाईल तू स्वतः घेऊन जा आणि प्रूफ बघून ये. बांगडीपर्यंत हात दिसू दे.

आणि मोटरीचं. त्या आठवड्यात लाईट दिवसाची आहे की रात्रीची ते बघ. आखाजीच्या उन्हात केळीला पाणी लागणारच, बाबांना कधीतरी शेतात जावंच लागेल. तू त्यांच्याबरोबर जा, रात्रीची पाळी असली तर रात्री. पेटीकडे लगेच जाऊ नका, डीपीपासून जरा लांब, बांधावर बसा. बाबा बोलणार नाहीत, बोलायला लावू नकोस. तू लिहिलंस की बापू दिवसभर एकाच सुरात घूं घूं करायचा, आणि डीपी गुणगुणते हे त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं. या दोन ओळी तू पत्रात एकमेकींजवळच लिहिल्या आहेस, पण जोडल्या नाहीस. मी तो सूर ऐकलेला नाही, त्यामुळे मला सांगता येणार नाही. लाईट आली आणि डीपी वाजायला लागली की बाबांना विचार, हाच का तो.